थोरल्या भावजींचा कंटेनर

ऑफिसात माझ्या थोरल्या दिरांना पाठीमागे ‘विद्यापीठ’ म्हणत. प्रिंटरमध्ये कागद अडकलाय एवढंच सांगायला कुणी त्यांच्या खोलीत गेलं, तर ते छपाईचा शोध कसा लागला इथपासून सुरुवात करत. ऐकणारा पाय बदलत उभा राही, त्याचा चहा बाहेर निवून जाई, आणि शेवटी जाऊबाई उठून कागद ओढून काढत. भावजींचं व्याख्यान त्यानंतरही चालूच असे, कारण ते कागदासाठी नव्हतंच.

लग्नाआधी मी एका मोठ्या कंपनीत होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर निरनिराळ्या मशीनवर बिनतक्रार चालेल असं बांधायचं आणि पोचवायचं, हे माझं काम. लग्नानंतर ‘घरचंच आहे, परक्याकडे कशाला राबायचं’ असं गोड बोलून सगळ्यांनी मला घरच्या कंपनीत ओढलं. घरची कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्रोग्रॅम लिहिणारी चार माणसं आणि दाराशी, फोन सांभाळत, थोरल्या जाऊबाई. मधल्या खोलीत मी आणि माझा नवरा. आतली खोली भावजींची. तिला काचेचं दार होतं आणि ऑफिसातला एकुलता एक एसी तिथेच होता. खालून रबराचा वास सगळ्यांना सारखाच येई, पण भावजींचं दार बंद असल्यामुळे आपल्याला तो येत नाही अशी त्यांची समजूत होती.

काम मात्र चांगलं होतं. रक्तपेढीतल्या रक्ताच्या पिशव्या ठरावीक गारव्यात ठेवाव्या लागतात. फ्रिज तापला तर ते रक्त फेकून द्यावं लागतं, त्याला दुसरा इलाज नाही. आमचं सॉफ्टवेअर फ्रिजवर नजर ठेवी. पारा चढला की भिंतीवरच्या स्पीकरमधून भोंगा वाजवी आणि तिथल्या जबाबदार माणसाच्या फोनवर मेसेज पाठवी. भावजींनी ते तरुणपणी एकट्याने लिहिलं होतं, आणि त्यानंतर काही म्हणजे काही लिहिलं नव्हतं. एका पराक्रमावर माणूस किती वर्षं जेवू शकतो हे पाहायचं असेल, तर आमच्या घरी यावं.

सॉफ्टवेअर बसवण्याची त्यांची तऱ्हा न्यारी होती. रक्तपेढीचा फोन आला की चामड्याची बॅग उचलायची, स्वतः जायचं आणि तिथल्या मशीनपुढे बसून हाताने एकेक गोष्ट जुळवायची. इथली फाइल बदल, तिथे जुनी आवृत्ती टाक, हे बंद कर, ते चालू ठेव. परत आल्यावर काय केलं ते कुणाला सांगायचं नाही, कारण निम्मं त्यांनाच आठवत नसे. त्यामुळे दर रक्तपेढीत आमचं सॉफ्टवेअर वेगळं झालं होतं. एका आईची लेकरं, पण एकमेकांना ओळखही न देणारी. कुठे काही बिघडलं की पुन्हा भावजींनाच बोलवावं लागे. ते जात, खुर्ची मिळे, चहा येई, ‘साहेब आले’ म्हणून चार माणसं उभी राहत. आपणच लावून दिलेल्या आजारावर आपणच औषध द्यायचं आणि वर कौतुक करून घ्यायचं, असला डॉक्टर मी आधी पाहिला नव्हता.

अमुक ठिकाणी चालत नाही अशी तक्रार ऑफिसात कुणी केलीच, तर उत्तर ठरलेलं. लॅपटॉप उघडायचा, पडद्याकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, माझ्याकडे तर चालतंय. जणू गावोगावच्या रक्ताच्या पिशव्या यांच्याच टेबलाखाली ठेवल्या होत्या.

मी रुळल्यावर सुचवलं की आपण हे सगळं कंटेनरमध्ये घालू. ऑफिसात माझ्यासाठी त्यांना वेळ नसे, म्हणून जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं. प्रोग्रॅमला चालायला जे लागतं ते सगळं, आणि तेवढंच, एका बंद पेटीत भरायचं. ती पेटी कुठल्याही मशीनवर नेऊन उघडा, आतला प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो. बाहेर काय पसारा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पथ्य एकच. मशीनची चिप वेगळ्या जातीची असेल तर तिच्यासाठी पेटीही वेगळी बांधावी लागते. आमच्या गिऱ्हाइकांकडे अशा दोन जाती होत्या: मोठ्या रक्तपेढ्यांत टेबलावरचे कॉम्प्युटर, आणि लहान ठिकाणी भिंतीला लावलेले तळहाताएवढे बोर्ड. एकाच कृतीतून दोन्हींच्या पेट्या बांधायच्या, दोन्हींवर एकच नाव घालायचं. ज्या मशीनला जी लागू पडते ती ते आपणहून उचलतं. नवी पेटी आली की सगळी मशीन ती आपापली मागवून घेतात. बॅग घेऊन कुणी हिंडायला नको.

भावजींनी शांतपणे सगळं ऐकलं. मग माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बायकांचा जीव डब्यातच. स्वयंपाकघरातून बाहेर काढल्या तरी डबेच भरणार."

सासरे हसले. नवरा हसला नाही, पण त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. त्या दिवसापासून मी घरात डबेवाली झाले.

माझा नवरा वाईट माणूस नाही. तो फक्त धाकटा आहे. काही माणसं जन्मभर धाकटीच राहतात; दादाने हाक मारली की केस पांढरे झाले तरी ताटावरून उठतात. त्याला कंटेनरचं म्हणणं पटलं होतं, हे तो मला आमच्या खोलीत सांगे. खोलीबाहेर पाऊल पडलं की पटणं आतच राही. आणि जाऊबाई, त्यांना मी ताई म्हणते, त्या तर या सगळ्यात कधी बोलतच नसत. वाढायच्या, उचलायच्या, फोन घ्यायच्या. इतक्या वर्षांत या बाईला स्वतःचं मत म्हणून काही उरलेलं नसावं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

मग एका मोठ्या रक्तपेढीतलं मशीन जळालं. नवं आणलं, भावजी बॅग घेऊन गेले, आणि सॉफ्टवेअर काही केल्या उठेना. जुन्या मशीनवर त्यांनी वर्षानुवर्षं केलेली हातचलाखी जुन्या मशीनबरोबरच जळाली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिथले लोक आळीपाळीने फ्रिजचं दार उघडून थर्मामीटर बघत होते. भावजींनी आधी मशीनला दोष दिला, मग वायरमनला, मग विजेला. अंगण कुठेकुठे वाकडं आहे ते सांगण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. शेवटी तिथल्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी फोन करून ताईंना सांगितलं की तुमच्याकडे दुसरं कुणी असेल तर पाठवा, नसेल तर तसं सांगा. ताईंनी रिसीव्हर ठेवला आणि मला म्हणाल्या, तू जा.

मी गेले, फावल्या वेळात बांधून ठेवलेली पेटी नव्या मशीनवर उतरवली, आणि ती उघडेचना. नवं मशीन बोर्डाच्या जातीचं निघालं. मी टेबलावरच्या कॉम्प्युटरची पेटी आणली होती. भावजींचा चेहरा असा उजळला की जणू त्यांचाच सत्कार होता. मी तिथेच बसून दुसऱ्या जातीची पेटी बांधली, लावली, आणि चहा येईपर्यंत पडद्यावर फ्रिजचे आकडे दिसायला लागले. डॉक्टरीणबाई ‘झालं?’ म्हणाल्या आणि आपल्या कामाला लागल्या. भावजी त्यांच्यामागे दारापर्यंत जाऊन सांगून आले की पाया मी घालून ठेवला होता, हिने वरचे पडदे लावले.

त्यानंतर मी एकेक करून सगळ्या रक्तपेढ्या कंटेनरवर आणल्या. तक्रारींचे फोन थांबले. ताई फोनपाशी बसून पुस्तक वाचू लागल्या. भावजींची बॅग कपाटावर गेली, आणि महिनाभर ते घरात पाहुण्यासारखे वावरले, कुणीतरी विचारपूस करील या आशेने.

पण असला माणूस फार दिवस रिकामा राहत नाही. त्यांना व्याख्यानं सापडली. व्यापाऱ्यांचं मंडळ, कुठलं कॉलेज, कुठला उद्योजकांचा मेळावा. विषय एकच: सॉफ्टवेअर क्षेत्रातली कंटेनर क्रांती आणि मी. एकदा नवऱ्याच्या आग्रहाने मी मागच्या रांगेत जाऊन बसले. भावजी सांगत होते की एका संध्याकाळी त्यांच्या मनात विचार आला, सॉफ्टवेअर पेटीत का भरू नये? मग त्यांनी श्रोत्यांना सांगितलं की कंटेनरच्या जाड आवरणामुळे रक्त थंड राहतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. तोही वाजवत होता, हळूहळू, आवाज न करता.

मी ऑफिसात एक नियम घातला होता. पेटी बाहेर पाठवायची ती दोघांनी तपासूनच, आणि पाठवण्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे आणि नवऱ्याकडे. भावजींना हे कळलं तेव्हा ते माझ्याशी बोलले नाहीत, ते नवऱ्याला म्हणाले, "मालकालाच कुलूप लावता?" नवऱ्याने त्याच दुपारी पासवर्ड लिहून दिला. मी विचारलं तर म्हणाला, तो मोठा आहे गं, त्याला काय कळतंय त्यातलं, नुसता मान हवाय त्याला. मी म्हटलं, कळत नाही म्हणूनच द्यायचा नव्हता. त्यावर तो चार्जर शोधायला उठला. अशा वेळी काहीतरी शोधायला उठण्यात तो तरबेज आहे.

पुढे माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी काही दिवस माहेरी गेले. त्याच सुमारास व्यापारी मंडळाने भावजींचा सत्कार ठरवला. त्यांच्या मनात आलं की रक्तपेढ्यांमध्ये आमचं सॉफ्टवेअर सुरू होताना पडद्यावर आपला फोटो दिसावा, खाली ‘संस्थापक’ असं लिहिलेलं. बाहेरच्या खोलीतल्यांना त्यांनी सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं की मॅडम आल्या की करू, दोघांनी तपासायचा नियम आहे. भावजींना ते लागलं. त्यांनी काचेचं दार लावून घेतलं आणि स्वतःच पेटी बांधायला बसले.

कंटेनरमध्ये लागेल तेवढंच भरायचं असतं, ही त्यातली पहिली गोष्ट. भावजींनी आपला अख्खा लॅपटॉप भरला. प्रोग्रॅम होता, त्याच्याबरोबर प्रवासातले फोटो होते, कर भरल्याच्या पावत्या होत्या, एसीच्या दुरुस्तीचं बिल होतं, तरुणपणी म्हटलेली गाणी होती, आणि लॅपटॉपवर स्वतःपुरती केलेली सगळी सेटिंग होती. काही राहून जायला नको म्हणून सगळंच घेतलं, असं नंतर ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना त्याचा अभिमान वाटत होता. मग त्या धुडावर त्यांनी आमच्या नेहमीच्या पेटीचं नाव घातलं, पासवर्ड वापरला आणि सोडून दिलं. ताईंना म्हणाले, यात एवढं काय होतं?

मशीनना माणसं कळत नाहीत, त्यांना नाव कळतं. नेहमीचं नाव दिसलं, त्यांनी पेटी मागवून घेतली. सुदैव इतकंच की भावजींना चिपच्या दोन जाती असतात हे आठवलंच नव्हतं. त्यांची पेटी त्यांच्या लॅपटॉपच्या जातीची होती, त्यामुळे भिंतीवरच्या बोर्डांनी ती उघडायला साफ नकार दिला आणि आपली जुनी पेटी चालू ठेवली. बहुतेक रक्तपेढ्या भावजींच्या अडाणीपणामुळे भावजींपासून वाचल्या. टेबलावरचे कॉम्प्युटर ज्यांच्याकडे होते त्यांनी मात्र ती मुकाट्याने उघडली. पडद्यावर फोटो झळकला.

रविवारी दुपारी त्यांतल्या एका रक्तपेढीतला मोठा फ्रिज बंद पडला. सुट्टीचा दिवस, ड्यूटीवर एकटी मदतनीस बाई. प्रोग्रॅमने आपलं काम चोख केलं. पारा चढलेला त्याला दिसला आणि तो भोंगा वाजवायला निघाला. भोंग्याची एक जुनी सोय भावजींनीच करून ठेवली होती: आवाजांच्या फोल्डरमध्ये जो सर्वांत नवा आवाज असेल तो वाजवायचा, म्हणजे ज्याला हवा तो आपल्या पसंतीचा भोंगा टाकू शकेल. भावजींना लॅपटॉपवर तोच एक फोल्डर सापडत असे. सत्काराच्या भाषणाची तालीम त्यांनी रेकॉर्ड करून त्यातच ठेवली होती.

तेव्हा त्या शांत खोलीत भिंतीवरचा स्पीकर भावजींच्या आवाजात बोलू लागला. उपस्थित मान्यवर, आमची यंत्रणा कधी झोपत नाही. भाषण संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मदतनीस बाईंना वाटलं, कंपनीने जाहिरात सुरू केली असेल. हल्ली कशावरही जाहिरात लागते. थोडा वेळ त्यांनी सहन केलं, मग उठून आवाज कमी केला. कुणीही केला असता. मी तर स्पीकरच काढून ठेवला असता.

प्रोग्रॅमने मेसेजही पाठवले. पण सेटिंग भावजींच्या लॅपटॉपची, म्हणून नंबरही त्यांचाच होता. ते घरी सोफ्यावर पडले होते. एकामागून एक मेसेज येताना पाहून त्यांना वाटलं की आपला लॅपटॉपच चाचणीचे मेसेज पाठवतोय, म्हणून त्यांनी फोन गप्प करून उशीखाली सारला आणि डोळे मिटले.

संध्याकाळच्या पाळीचा तंत्रज्ञ आला आणि त्याने फ्रिजचं दार उघडलं. आतल्या पिशव्या हाताला कोमट लागल्या. लोकांनी बाही वर करून, पडून राहून दिलेलं रक्त होतं ते. सगळं टाकून द्यावं लागलं.

मी दुसऱ्या दिवशी माहेराहून थेट तिथेच गेले. वाटेत लॅपटॉपवर ती पेटी उघडली आणि आत काय काय आहे ते पाहून मला आधी हसू आलं. ते फार टिकलं नाही.

रक्तपेढीच्या प्रमुख त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या जळालेल्या मशीनच्या जागी आता बोर्ड होता. बंद पडलेला फ्रिज मात्र त्यांच्या दुसऱ्या इमारतीतला, तिथे टेबलावरचा कॉम्प्युटर होता. त्यांनी कंपनीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. छोटी खोली, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, माणसांच्या मानाने खुर्च्या कमी. भावजी टेबलासमोर बसले, नवरा बाजूला. ताई आणि मी भिंतीशी उभ्या. मदतनीस बाई दाराजवळ, रडून डोळे सुजलेले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भोंगा का वाजला नाही?

भावजींनी घसा साफ केला. म्हणाले की यंत्रणेने आपलं काम वेळेवर केलं आहे, तशी नोंद मशीनमध्ये आहे. आवाज चालू होता. तो ड्यूटीवरच्या बाईंनी कमी केला, त्याचीही नोंद आहे. "यंत्रणा ओरडत होती. तुमच्या माणसाने तिचं तोंड दाबलं. आता यात आम्ही काय करणार?"

मदतनीस बाई म्हणाल्या की भोंगा नव्हताच, कुणी माणूस बोलत होता. भावजी डॉक्टरीणबाईंकडे बघून, जणू दोघं शहाणी माणसं बसली आहेत अशा थाटात, हसले.

मी पुढे झाले आणि जे होतं ते सांगितलं. ही पेटी आम्ही बांधलेली नाही, भावजींच्या लॅपटॉपवर बांधली गेली आहे, आत त्यांचं सगळं सामान आहे, आणि भोंग्याच्या जागी त्यांचं भाषण आहे. लॅपटॉप टेबलावर ठेवून मी ते लावलं. उपस्थित मान्यवर, आमची यंत्रणा कधी झोपत नाही.

एखादा माणूस इथे खाली बघतो. भावजींनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाले की कंपनीत पेट्या बांधण्याचं काम हिचं आहे, तेव्हा त्यात काय घातलं ते हिलाच ठाऊक. मी तर साधा संस्थापक माणूस. शिवाय हल्ली मशीनकडून कुणाचाही हुबेहूब आवाज काढून घेता येतो, आणि घरात माझ्याविषयी कुणाच्या मनात काय आहे ते मी इथे बोलत नाही.

चोराच्या उलट्या बोंबा मी ऐकल्या होत्या, पण इतक्या सराईत कधी ऐकल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भावजींकडे. घरातलं भांडण आपल्या खोलीत आलंय एवढंच त्यांना दिसत असणार. मी नवऱ्याकडे पाहिलं. पासवर्ड कुणी दिला हे त्याने एका वाक्यात सांगितलं असतं तरी पुरे होतं. तो आपले बूट बघत होता, जणू त्यांतला एक दुसऱ्याचा निघाला असावा.

"आवाज यांचाच आहे," ताई म्हणाल्या.

त्या जागच्या हलल्या नव्हत्या. आवाजही चढला नव्हता. फोनवर ‘साहेब बाहेर गेलेत’ सांगताना असे तितकाच होता.

"आठवडाभर आमच्या खोलीत याचीच तालीम चालली होती. ‘कधी झोपत नाही’च्या आधी थांबायचं की नंतर, असं मला विचारत होते. मी सांगितलं, आधी थांबा. बघा, थांबलेत. पेटीही यांनीच बांधली, मी चहा घेऊन गेले होते तेव्हा. रविवारी मेसेज आले तेही यांच्याच फोनवर. उशीखाली थरथरत होता. मी उठवलं, तर म्हणाले, चाचणी आहे. या बाईंना काही बोलू नका."

भावजी उठून उभे राहिले आणि ताईंना म्हणाले, "घरी बोलू."

"घरी तुम्हीच बोलता," ताई म्हणाल्या. "म्हणून इथे सांगतेय. यापुढे तुम्ही कुठल्याही रक्तपेढीत पाऊल टाकायचं नाही. आणि कुठल्या मशीनला हात लावायचा नाही."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. त्यांची अटही तीच होती, त्यांना फक्त बोलावी लागली नाही. मदतनीस बाईंची नोकरी राहिली. रक्तदात्यांना पुन्हा फोन गेले. काही आले, काहींनी स्पष्ट शब्दांत सुनावलं, आणि ते ऐकून घ्यायला डॉक्टरीणबाई स्वतः फोनवर बसल्या. आमच्या घरातल्या कुणी तेवढं केलं नाही. सासऱ्यांना दुःख झालं ते वेगळ्याच गोष्टीचं. घरातलं बाहेर गेलं, असं ते दोन दिवस म्हणत राहिले. कोमट झालेल्या पिशव्यांबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही.

नवऱ्याला मी सांगितलं की आता एक तर पासवर्ड बदल आणि तसं दादाला तोंडावर सांग, नाही तर मी जुन्या कंपनीत परत जाते, ते अजून बोलावतात. त्याने बदलला. सांगायला मात्र तो आतल्या खोलीत गेला नाही. मधल्या खोलीतून फोन केला. काचेपलीकडे भावजी फोन कानाला लावून ऐकताना आम्हाला दिसत होते. नवऱ्याने वाक्य पुरं केलं. माझ्या मनातली त्याची पायरी मी एकाने वर सरकवली. जास्त नाही.

मला त्या दिवसांत खरं बोचत होतं ते निराळंच. मला वाटायचं की भावजींना या घरात ओळखलेली मी एकटीच आहे. त्यांना तुच्छ लेखणं हा माझा खासगी अलंकार होता. तो घालून मी मनातल्या मनात मिरवायचे, आणि मिरवताना ताईंनाही खालच्या ओळीत बसवायचे. त्या बाईने माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिलं होतं, जास्त जवळून, आणि त्यातला शब्दन् शब्द योग्य दिवसासाठी राखून ठेवला होता. माझा तिरस्कार त्यांच्यापुढे अगदीच शिकाऊ निघाला.

पुढच्या आठवड्यात ताईंनी फोन एका मुलीकडे सोपवला आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसल्या. पेटी कशी बांधतात ते दाखव म्हणाल्या. शिष्य म्हणून त्या वैताग आणणाऱ्या होत्या. कृतीतल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायच्या, हे कशाला? नसलं तर काय अडेल? मला उत्तर देता आलं नाही की ती ओळ काढायला लावायच्या. माझी पेटी मी नेटकी समजत होते. ताईंनी ती निम्म्यावर आणली. दोन्ही जातींच्या मशीनवर चालवून बघितल्याशिवाय त्या एकही पेटी बाहेर जाऊ देत नाहीत. बाहेरच्या खोलीतली माणसं त्यांना घाबरतात. भावजींना कधी कुणी घाबरलं नव्हतं, फक्त कंटाळलं होतं.

भावजी आता कंपनीचे मार्गदर्शक आहेत. काय मार्गदर्शन करतात ते कुणाला माहीत नाही. व्याख्यानं चालू आहेत. परवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांतला एकजण त्यांचं एक व्याख्यान ऐकून आला. त्याने सांगितलं की साहेबांनी रक्तपेढीचा किस्सा सांगितला: माझ्या टीमकडून एक गंभीर चूक झाली, मी ती पोटात घातली, कारण नेतृत्व म्हणजे क्षमा. सभागृहात काही लोक डोळे पुसत होते म्हणे.

मला संताप आला. मी ताईंना म्हटलं, निदान याचं तरी काहीतरी करायला हवं.

ताई नवी पेटी बोर्डावर उतरवत होत्या. पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "बोलू दे. तेवढा वेळ घराबाहेर असतात." मग खुर्ची थोडी माझ्याकडे सरकवली. "टेबलावरच्या मशीनवर उघडली का बघ. इकडची उघडली."